कुऱ्हाडीचा कोहळा

आजोबांनी बांधाच्या भांडणात दोन भाऊबंद जिने निकालात काढले, ती कुऱ्हाड उखर्डू पाटलाने धुळ्याच्या नव्या संग्रहालयाला भेट दिली. व्यवस्थापक तोतारामनानांना तो एवढंच म्हणाला, "दसराले तिले कोहळं फोडाले दिज्यात, नाना. उपाशी नका ठेवू."

नाना पडले सुधारक. शिवाय दालनात त्यांच्याच अक्षरातली पाटी होती : 'आत खाण्यास मनाई आहे.' दसरा कोरडाच गेला.

दुसऱ्या दिवशी भर बाराला 'ठक्' असा आवाज झाला आणि दालनातल्या पाटलाच्या मातीच्या पुतळ्याचं मुंडकं घरंगळत दारापर्यंत आलं. कुऱ्हाडीच्या काचकपाटाचं कुलूप शाबूत होतं. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला अंगणातली शेळी गेली. कपाटातलं पातं ओलं दिसलं. नानांनी वहीत लिहिलं, 'हवेत दमटपणा फार.'

चौथ्या दिवशी शिपाई चिंधा म्हणाला, "आज कोनी पाळी शे, नाना? तुमनी का मनी?"

नाना हसले नाहीत. बाराला पाच मिनिटं असताना त्यांनी स्वतः कोहळा आणून कपाटापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून डोळे मिटले.

"पन नाना," मागे उभा राहिलेला चिंधा खिदळला, "आठे तं खावाले मनाई..."

ठक्.

नानांच्या गालावर थेंब उडाले. कोहळ्याचं पाणी! त्यांचा जीव भांड्यात पडला. "पावलीस, बाई," ते पुटपुटले.

थेंब हनुवटीपर्यंत ओघळले. ते गरम होते.

नानांनी डोळे उघडले. कोहळा अखंड होता.