पांढऱ्या स्प्रिंगा

अमृतनं ताडपत्री ओढली आणि जुनी येझदी मोटारसायकल उजेडात आली. गुलजारबी चहा घेऊन गॅरेजच्या दारात उभी होती. तिच्या मनात आलं, चला, गेली एकदाची ब्याद.

पुण्याचा हा पोरगा रेसच्या जुन्या गाड्या जमवायचा. गाडी विकत घ्यायला त्याला भोरपर्यंत आणलं होतं तिनंच, आपल्या भावाला, रियाजला मध्ये घालून. एसटी स्टँडमागचं जहांगीरचं गॅरेज मुळात टीचभर. त्यातली निम्मी जागा या गाडीनं अडवलेली. लेक फौजिया आता कॉलेजात जात होती, आणि तिच्या जन्मापासून गाडी त्याच कोपऱ्यात उभी होती. दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी जहांगीर तिचे मागचे, धक्के झेलणारे शॉकअप पुसायचा. बाकी गाडीवर बोटभर धूळ असो, शॉकअप चकचकीत पाहिजेत.

काय ते शॉकअपचं कौतुक! परदेशी, लांब दांड्याचे. पुण्यात मातीच्या रेसला आलेल्या एका गोऱ्याकडून त्यानं ते घेतले, तेही घरात फ्रिज आणायला साठवलेल्या पैशांत. पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा तो सांगत बसायचा, की हे लावल्यावर गाडी टेकाडावरून कशी उडायची आणि कशी अलगद उतरायची. सांगताना त्याचा चेहरा पोरासारखा व्हायचा. आतून गुलजारबीचा आवाज यायचा, की माझा फ्रिज मागच्या चाकाला बांधलाय, तेवढंही सांगा.

फ्रिजचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. सल होता तो वेगळाच.

फौजियाच्या वेळी ती माहेरी, वेल्ह्याला होती. बापाचं तिथं बांगड्यांचं दुकान. आधी एकदा पोट पडलेलं, त्यामुळं सगळे तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होते. जहांगीर भेटायला म्हणून गाडी घेऊन आला आणि त्याच दुपारी, दिवस भरायच्या आधीच, कळा सुरू झाल्या. नर्सबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता भोरच्या दवाखान्यात न्या, पण धक्के बसू देऊ नका, नाहीतर हेही हातचं जाईल. गावातली एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन गेलेली. राहिली येझदी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर जहांगीरची पुण्यात रेस होती.

आणि हा बाबा काय करतो? बायको ओसरीवर तळमळतेय, आणि हा अंगणात पाने-पक्कड काढून गाडीच्या मागच्या चाकापाशी बसला! चांगला तासभर. उद्याच्या रेसची तयारी चाललीय, दुसरं काय, असं म्हणून गुलजारबीनं दात-ओठ खाल्ले. शेवटी बापानं तिला जुन्या लुगड्यानं जहांगीरच्या पाठीशी बांधलं. हत्यारांची पिशवी तिथंच टाकून दोघं निघाले.

रात्री फौजिया झाली, सुखरूप. सकाळी जहांगीर रेसला गेला, पहिल्याच मोठ्या उडीला पडला आणि पाय मोडून घेतला. रेस कायमची सुटली, चाल लंगडी झाली. गुलजारबीनं त्याचं सगळं मायेनं केलं. पण तो तासभर काही ती विसरली नाही. फौजियाला जन्माची गोष्ट सांगताना तो तास यायचाच. मग ती म्हणायची, माझं नशीब थोर, रस्ता तेवढा नवा केलेला होता. भोर येईपर्यंत पोटातलं पाणी हललं नाही.

अमृतनं सीटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली. ती मुकाट खाली बसली. त्यानं पुन्हा दाबून बघितलं.

“काका, शॉकअपच्या या पांढऱ्या स्प्रिंगा तर एकदम मऊ आहेत. यांच्याबरोबर लाल जोडी यायची, कडक. उडीला तीच लागते. तुम्ही रेसला याच लावल्या होत्या?”

“याच.”

“मग पडणारच की. लाल कुठं गेल्या?”

जहांगीर फडक्यानं हात पुसत राहिला. राहिल्या कुठंतरी, म्हणाला, परत आणायला वेळ मिळाला नाही.

गुलजारबी दारातून दोन पावलं आत आली. लाल स्प्रिंगा तिनं शंभरदा पाहिल्या होत्या. बापाच्या दुकानात त्या दोन उभ्या असायच्या आणि बाप त्यांच्यावर बांगड्या चढवून ठेवायचा. कुठल्या भंगारातल्या असतील, असं तिला वाटायचं. त्या दुपारी अंगणात जहांगीरनं याच काढून पिशवीतल्या मऊ पांढऱ्या बसवल्या होत्या. रात्री वेल्ह्याला जाऊन त्या आणता आल्या असत्या. पण रात्रभर तो दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, हे तर तिला ठाऊकच होतं. आणि पुढंही कधी बोलला नाही. बोलला असता तर मोडक्या पायाचं खापर तिनं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं असतं.

तिनं चहा अमृतच्या हातात दिला.

“चहा घे बाळा. गाडी द्यायची न्हाई.”

अमृत जहांगीरकडं बघायला लागला आणि जहांगीर बायकोकडं. ती गाडीपाशी गेली. नवऱ्याच्या हातातलं फडकं घेऊन तिनं मागची पांढरी स्प्रिंग हळूहळू पुसली. मग मान वर न करताच विचारलं,

“अवो, त्या दिवशी वेल्ह्याचा रस्ता नवा केलेला व्हता ना?”

जहांगीरनं सीटवर हात टेकला.

“न्हाई गं,” तो म्हणाला. “लई खराब व्हता.”