न हलणारा दिवा

पडद्यावरची बारीक रेघ दिसेनाशी झाली आणि कानाएच्या काळजात धस्स झालं.

"बाबा, काय करताय? डिश नका ना फिरवू!"

मोरिहिकोंनी फिरवलीच. नागानोच्या डोंगरातली रेडिओ दुर्बिणीची ती अवाढव्य डिश कानाएच्या यानावरून बाजूला सरकली आणि अब्जावधी प्रकाशवर्षं लांबच्या एका क्वेसारवर, दूरच्या आकाशगंगेच्या तेजस्वी गाभ्यावर, जाऊन थांबली. जपानच्या दुसऱ्या टोकाची, कागोशिमाची डिशही त्याच वेळी तिकडे वळली होती.

"नाव किती वाहत गेली, हे नावेकडे टक लावून कळतं का? किनाऱ्यावरचा दिवा बघावा लागतो. हा क्वेसार आपला दिवा. जागचा हलत नाही."

शुक्राकडे निघालेलं ते यान कानाएच्या गटानं बांधलं होतं. त्याचा मोठा अँटेना बंद पडला होता, आता ते नुसतं कुजबुजत होतं; पडद्यावरची रेघ म्हणजे तीच कुजबुज. ते नेमकं कुठे आहे हे कळलं, तर संध्याकाळी इंजिन पेटवून त्याला शुक्राभोवती फिरतं ठेवता येणार होतं. नाहीतर ते शुक्राला ओलांडून कायमचं निघून जाणार. तिला खाली कचेरीत बसवेना, म्हणून ती बर्फातून वर बाबांच्या दुर्बिणीकडे आली होती.

"घाबरली असेल हो पोरगी," ती पुटपुटली.

"यान कशाला घाबरेल? घाबरलीय यानाची आई. ती सारण भरलेली ओयाकी खा बघू. गार झाली की दगड होते."

डिश वळत राहिली. यान, दिवा, पुन्हा यान. रेघ गेली की कानाएचा श्वास अडकायचा, आली की सुटायचा. ओयाकी हातातच राहिली.

दुपारी दोन्हीकडची मोजमापं जुळवून फोन आला. कानाएनं ऐकून घेतलं आणि हळूच फोन ठेवला.

"सापडली, बाबा. पण फार भरकटलीय. उरलेल्या इंधनात थांबता नाही येणार तिला."

एवढं बोलली आणि तिला रडू आवरेना.

डिश पुन्हा क्वेसारकडे न्यायची वेळ झाली होती. मोरिहिकोंनी ती नेली नाही. त्यांनी कागोशिमाला फोन लावला. "दिव्याचं काम संपलं. तुमचीही डिश पोरीवरच राहू द्या. शुक्र मावळेपर्यंत."

मग खुर्ची ओढून ते लेकीच्या शेजारी बसले.

"आता नाही कुठे वळवत. बघ डोळे भरून."