दोन वाजेपर्यंत

चहाचा वास आला नाही म्हणून संघमित्राने एक डोळा उघडला आणि परत मिटला. मुलुंडच्या हॉस्पिटलात रात्रभर पाय तुटेस्तोवर फिरायचं, सकाळी नऊला घाटकोपरच्या घरी येऊन आंघोळ करून आडवं व्हायचं, आणि दुपारी दोनला सासूच्या आल्याच्या चहाच्या वासानं उठायचं, असा तिचा नेम. गजरबिजर काही नाही. आज वास नाही म्हणजे अजून दोन वाजले नसणार, असं तिनं स्वतःला पटवलं आणि कूस बदलून ते सुख आणखी अर्धा तास लांबवलं. त्या अर्ध्या तासाचं तिला पुढे काय वाटलं, ते विचारू नका.

तिच्या झोपेला इमारतीतल्या त्यांच्या मजल्यावर भारी मान होता. सासूबाईंनी, म्हणजे सुंदराबाईंनी, सहा वर्षांत सगळ्यांना शिस्त लावली होती. घरात डाळ कुकरला न लावता पातेल्यात शिजायची, कारण शिटी. बेलची वायर सकाळीच काढून ठेवलेली. दारावर पुठ्ठ्याची पाटी: 'नर्स झोपली आहे. दार वाजवू नये.' पॅसेजमध्ये पोरं बॉल घेऊन आली की सुंदराबाई कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या, पोरं पसार. मासेवालीसुद्धा त्या दारापाशी आली की कुजबुजत भाव सांगायची. शेजारणी हसायच्या, सून सांभाळताय की तान्हं बाळ म्हणून. हसा खुशाल, सुंदराबाई म्हणायच्या. रात्रभर लोकांच्या हाकांना ओ देते ती, दिवसा तरी तिला कुणी हाक मारायची नाही.

शेवटी बाथरूमला जायचं म्हणून संघमित्रा उठली. घड्याळात अडीच वाजले होते.

स्वयंपाकघरात सुंदराबाई ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसल्या होत्या. ब्लाउज घामानं चिंब, चेहरा राखेच्या रंगाचा. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. शेजारी पाण्याचा तांब्या होता, लवंडून आवाज नको म्हणून नीट भिंतीला लावून ठेवलेला.

असली माणसं संघमित्रानं वॉर्डात ढिगानं पाहिली होती. तिथं बेल वाजली की तिचे पाय आपोआप पळायचे, हात आपोआप चालायचे. इथं ती दारात खिळून उभी राहिली. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात उठलोय आणि ही बाई आपली कुणी नाही, असंच तिला क्षणभर वाटलं. मग तिनं खाली बसून तो बोळा ओढून काढला.

"आई, कधीपासून?"

"अकरा वाजले असतील. ॲसिडिटी असंल."

डावा हात? सुंदराबाईंनी मान हलवली. हात दुखत होता, जबडाही दुखत होता. या खुणा संघमित्रानंच त्यांना शिकवल्या होत्या, वरच्या मजल्यावरचे विद्याधर काका गेले तेव्हा. अशी कळ आली की मिनिटभरही थांबायचं नाही, मला सांगायचं. सुंदराबाई त्यातलं काही म्हणजे काही विसरल्या नव्हत्या. बोटांवर मोजून म्हणून दाखवल्या असत्या.

"मग हाक का नाही मारली मला?"

"दोनला उठशीलच की. तवर दम काढला." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आज उशीर झाला गं तुला. लई दमलीस का?"

संघमित्रानं ॲस्पिरिनची गोळी त्यांना चावायला लावली, मनगट धरलं. नाडी बोटाखाली सापडत होती, निसटत होती. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, वीस मिनिटं तरी लागतील. साडेतीन तास तर आपण दहा पावलांवर झोपून काढलेत, आता वीस मिनिटं कुठून आणायची? तिनं दार उघडलं आणि जीव खाऊन ओरडली.

सहा वर्षांत त्या वेळी त्या मजल्यावर असा आवाज कधी झाला नव्हता. समोरचा दशरथ धावत बाहेर आला, आणि दारावरची पाटी दिसताच त्यानं सवयीनं हळूच विचारलं, काय झालं म्हणून. सुंदराबाईंना बघितल्यावर मात्र त्यानंही आवाज चढवला. माणसं जमली. कुणी लिफ्ट अडवून धरायला पळालं, कुणी रिक्षा आणायला. सुंदराबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्ची उचलली. संघमित्रा गाऊनवरच, अनवाणी, त्यांचं मनगट धरून बाजूनं चालत होती. डोळे मिटू नका आई, माझ्याकडे बघा, असं सारखं सांगत होती.

बघत होत्या कुठं त्या. मान एका बाजूला कलली होती.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गर्दी झाली. मागून येणाऱ्या कुणाचा तरी पाय तांब्याला लागला, आणि तो फरशीवर खणखणत, पाणी सांडत, पार संघमित्राच्या पलंगापर्यंत गडगडत गेला.

सुंदराबाईंचे डोळे उघडले. मोकळा हात कसाबसा वर आला, बोट ओठांवर टेकलं.

"हळू रे," त्या म्हणाल्या, "संघा झोपलीय."