पारख

दुष्काळात त्या केंद्रावर फक्त अनाथ पोरांनाच जेवण मिळे.

"आई-बाप असलेली कार्टीही रांगेत घुसतात. आज एकेकाचं पितळ उघडं पाडतो!" केंद्राचा साहेब स्वयंपाकीणबाईवर खेकसला. पोरं ताटल्या घेऊन तिच्यासमोर उभी होती. साहेब त्यांच्या पाठीमागे फाटकाशी गेला आणि ओरडला, "अरे, तुझी आई आली बघ!"

अख्खी रांग गर्रकन मागे वळली. कालपरवा आईला माती देऊन आलेली पोरंसुद्धा.

"बघितलंस? सगळे चोर! हाकलून दे. ही चिमुरडी तेवढी खरी अनाथ, जागची हललीसुद्धा नाही. वाढ तिला."

बाईने मान खाली घालून वाढलं. पोरगी मागे वळेलच कशाला? तिची आई तर समोरच, हातात डाव घेऊन उभी होती.