हलका खोका

अक्षयाने कुडाळच्या दुकानात निम्म्या किमतीचा शेवटचा पॉवर सप्लाय छातीशी धरला. वहीत यादी करून, एकेक भाग जमवून ती गेमिंगचा कॉम्प्युटर जोडणार होती. वायरमन असलेले बाबा या खेळाच्या नादावरून महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. आज आईने त्यांना सोबत धाडलं होतं. "सवलत सातपर्यंतच," दुकानदार म्हणाला. पाचच मिनिटं उरली होती. बाबांनी खोका तिच्या हातातून काढून घेतला. त्यांनी तो तळहातावर तोलला, शेजारचा महागडा खोका तोलला आणि नकारार्थी मान हलवली. "हो खोको हलको आसा. आत तांबा कमी. फुडे मोठा कार्ड घातलंस की जळतलो." ग्राफिक्स कार्डाचं नाव तिने घरात काढलंच नव्हतं. "तुमका कोणी सांगल्यान?" "तुझी वही वाचलंय," बाबा जड खोका पुढे सरकवत म्हणाले. "अर्धी समजली नाय. ती वाटेत सांग."