पडद्यावरचा ठिपका

रस्त्याकडेचे खांब धावत्या गाड्यांशी वायरलेसवर बोलतात, हे इंजिनिअरला आज मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं. नाहीतर प्रकल्पाला गाशा गुंडाळावा लागणार होता. गाडीत वाजणाऱ्या सूचनांना आवाजसुद्धा त्यानेच दिला होता. ते यंत्र अख्ख्या जगात दोनच गाड्यांत बसवलेलं. एक चाचणीची गाडी, जी नेमकी आजच रुसून बसली, आणि दुसरी त्याची स्वतःची, जी घरी आईच्या पहाऱ्यात उभी होती.

धावत्या गाड्या ठिपक्यांनी दाखवणारा पडदा रिकामा. साहेब घड्याळ बघू लागले. तेवढ्यात पडद्यावर एक ठिपका उगवला आणि सुसाट निघाला! वळणाआधी खांबाने सूचना धाडली आणि ठिपका शहाण्यासारखा हळू झाला. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

इंजिनिअरने मात्र बाहेर धाव घेऊन फोन लावला. "आई, कुठे आहेस?"

"घरीच रे, मटार सोलतेय."

तोच फोनमधून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "पुढे वळण आहे. वेग कमी करा."



"केला रे बाबा, किती वेळा सांगशील!" आई खेकसली.