तळाचं मॅग्नेट

कॅनडा सोडून आम्ही न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला आलो, तरी तिथल्या आइस हॉकी टीमचा माझा नाद सुटला नाही. फ्रिजच्या दारावर लीगच्या दोन्ही कॉन्फरन्सचे, म्हणजे गटांचे, गुणतक्ते चिकटवले आणि प्रत्येक टीमचं मॅग्नेट केलं. दर सोमवारी बाकीची मॅग्नेट्स मी हलवायचो, आमच्या टीमचं मात्र चार वर्षांची लेक सुखदा तळव्यानं थोपटून बसवायची. टीम कायम तळाला आणि तिचा हात तिथवरच पोचायचा. मोठी झाल्यावरही ते काम तिचंच राहिलं. गेल्या वर्षी ती शिकायला ऑकलंडला गेली. या सीझनला टीम जिंकतच सुटली. मी आमचं मॅग्नेट हलवलं नाही. आज तिचाच फोन आला. “बाबा, आपण फर्स्ट आलो. मॅग्नेट वर लावलंस ना?” “लावतो,” म्हटलं आणि फ्रिजसमोर फरशीवर बसलो. तिच्या तेव्हाच्या उंचीवरून पहिला नंबर फार लांब दिसत होता.